दूरच्या महाग्रहांवरील हवेची तपासणी : एक अभ्यास

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मी मुलांना गणित शिकवितो. २०२२ सालच्या ऑगस्टअखेरची गोष्ट आहे. नववीतील एका मुलीने वर्तमानपत्राचे एक कात्रण माझ्यापुढे ठेवले. सातशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड वायू सापडल्याची ती बातमी होती. मुलगी म्हणाली, "सर, तिथं कुणी गेलेलं नाही. तिथली हवा बाटलीत भरून कुणी आणलेली नाही. मग हे कळलं कसं? का आपण नुसतं खरं मानायचं?"

मला उत्तर देता आले नाही. मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. दहावीनंतर विज्ञान शाखेत जाण्याची माझी इच्छा होती. परंतु एका शिक्षकांनी, "विज्ञान तुला कधीच झेपणार नाही, उगीच त्या खर्चात पडू नकोस," असे सांगितले आणि मी ते ऐकले. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण त्या मुलीच्या प्रश्नाने ती जुनी गोष्ट आठवली. "नुसतं मान" हे उत्तर तिला द्यावयाचे नाही, असे मी ठरविले. नोकरीवरून आल्यावर जमेल तसे वाचन केले, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा हा प्रयत्न आहे. यातील गणित बेरीज-वजाबाकीपलीकडचे नाही, तेव्हा सभासद बंधू-भगिनींनी व विद्यार्थी मित्रांनी निःशंकपणे पुढे वाचावे.

१. प्रकाशातील काळ्या रेषा

काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा दिसतो, हे आपण शाळेत शिकलो. या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. १८०२ साली इंग्लंडमधील वोलास्टन यांना या पट्ट्यात काही काळ्या रेषा दिसल्या. १८१४ साली जर्मनीतील जोसेफ फ्राउनहोफर यांनी अधिक चांगली काच वापरून अशा ५७४ रेषांची नोंद केली.

फ्राउनहोफर हे काच-कारागिराचे पुत्र होते. वयाच्या अकराव्या वर्षी ते पोरके झाले आणि म्युनिकमध्ये आरसे बनविणाऱ्या एका मालकाकडे उमेदवारीस लागले. १८०१ साली ते घर कोसळले व हा मुलगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. पुढे त्याने स्वतःच्या कष्टाने प्रकाशशास्त्र आत्मसात केले. ३९ व्या वर्षी, १८२६ साली, त्यांचे निधन झाले. त्या रेषा कशामुळे पडतात हे मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही.

ते कोडे १८५९ साली हायडेलबर्ग येथे किरखोफ व बुन्सेन या दोघांनी सोडविले. प्रत्येक मूलद्रव्य तापविले की ते आपल्या ठरावीक रंगांचाच प्रकाश देते. तोच वायू थंड अवस्थेत एखाद्या तेजस्वी प्रकाशाच्या आड आला, तर नेमके तेच रंग तो गिळून टाकतो आणि त्या जागी काळ्या रेषा उमटतात. दोन मूलद्रव्यांच्या रेषा सारख्या नसतात. जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा, तशा या रेषा.

याचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरातही येतो. भाताची वा वरणाची पेज उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. रस्त्यावर पूर्वी जे पिवळे दिवे असत, तेही सोडियमच्या वाफेचेच. हा सोडियम आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

२. "कधीच कळणार नाही"

फ्रान्समधील प्रसिद्ध विचारवंत ऑग्युस्त कोंत यांनी १८३५ साली असे मत मांडले होते की, ताऱ्यांचे अंतर व गती मोजता येईल, परंतु ते कोणत्या द्रव्यांचे बनलेले आहेत हे मानवास कधीही समजणार नाही. कोंत हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. त्या काळी त्यांचे म्हणणे योग्यच वाटले असणार, कारण ताऱ्याचा तुकडा आणून प्रयोगशाळेत ठेवणे अशक्यच. १८५७ साली ते वारले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत किरखोफ व बुन्सेन यांनी सूर्यातील द्रव्ये ओळखण्याची किल्ली जगाच्या हाती दिली.

या इतिहासात आपल्या देशाचाही भाग आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेले खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी फ्रान्सचे जान्सेन हे गुंटूर येथे आले होते. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट त्या दिवशी तपासला गेला. त्यात आणि इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी त्याच वर्षी घेतलेल्या निरीक्षणांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या अगदी शेजारी होती, पण सोडियमची नव्हती. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी ती जुळेना. त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली. म्हणजे जे द्रव्य पृथ्वीवर कोणी पाहिले नव्हते, ते सूर्यात सत्तावीस वर्षे आधी सापडले.

१९२० साली डॉ. मेघनाद साहा यांनी आपले सुप्रसिद्ध समीकरण मांडले. रेषा ठळक दिसते की पुसट, हे त्या द्रव्याच्या प्रमाणावर जसे अवलंबून असते तसेच तापमान व दाब यांवरही असते, हे त्यामुळे मोजता आले. साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचे पुत्र. कोलकात्यात शिकत असताना वसतिगृहात जातीवरून त्यांना वेगळी वागणूक सोसावी लागली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यांच्याच समीकरणाचा उपयोग करून १९२५ साली सेसिलिया पेन या तरुणीने तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले असल्याचे दाखवून दिले. एका मान्यवर शास्त्रज्ञांना ते पटले नाही, म्हणून हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे तिला आपल्याच प्रबंधात लिहावे लागले. १९२९ साली त्याच शास्त्रज्ञांनी तिचा निष्कर्ष मान्य केला.

३. सूर्यमालेबाहेरील महाग्रह

आता ग्रहांकडे वळू. तारा स्वतः प्रकाशतो. ग्रह स्वयंप्रकाशी नसतो आणि ताऱ्याच्या झगमगाटात तो दिसत नाही. त्यामुळे सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडण्यास १९९५ साल उजाडावे लागले. मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांनी फ्रान्समधील वेधशाळेतून '५१ पेगासी' या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला. या कार्याबद्दल त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा ग्रह वजनाने गुरूच्या सुमारे निम्मा, पण आपल्या ताऱ्याभोवतीची फेरी केवळ ४.२ दिवसांत पूर्ण करतो. आपल्या बुधास सूर्याभोवती फिरण्यास ८८ दिवस लागतात, यावरून हा ग्रह ताऱ्याच्या किती जवळ असेल याची कल्पना यावी. अशा तापलेल्या वायुरूप महाग्रहांना 'उष्ण गुरू' असे म्हणण्याचा प्रघात पडला. सप्टेंबर २०२५ पर्यंत सूर्यमालेबाहेरील नोंद झालेल्या ग्रहांची संख्या ६००० वर पोहोचली.

यांपैकी काही ग्रहांची कक्षा अशी असते की, दर फेरीत ते आपला तारा व आपण यांच्या मधून जातात. यास अधिक्रमण म्हणतात. १९९९ साली 'एचडी २०९४५८' या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना प्रथमच नोंदविला गेला. हा तारा आपल्यापासून सुमारे १५० प्रकाशवर्षे दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. ग्रह समोर आला की ताऱ्याचा प्रकाश दीड टक्क्याने कमी होतो आणि ग्रह सरकला की पूर्ववत होतो. दर साडेतीन दिवसांनी हे घडते.

४. वजाबाकीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. माझ्या नोकरीतील भाषेत सांगतो. समजा, ताऱ्याकडून आपल्याला दररोज प्रकाशाचे एक लाख रुपये मिळतात. ग्रह मध्ये आला की त्यातील १५०० रुपये अडतात. ग्रहाचा घन भाग किंवा दाट ढगांचा भाग सर्व रंगांचा प्रकाश सारखाच अडवितो. परंतु ग्रहाभोवती हवेचे पातळ वलय असते. ताऱ्याचा थोडा प्रकाश त्या वलयातून गाळून आपल्याकडे येतो. त्या हवेत सोडियम असेल, तर सोडियमचा पिवळा रंग तेवढा तेथे अधिक अडेल. म्हणजे इतर रंगांत १५०० रुपयांची तूट आणि त्या एका पिवळ्या रंगात त्याहून वीस-बावीस रुपये जास्त तूट. हा जो वीस-बावीस रुपयांचा फरक, तीच त्या ग्रहाच्या हवेची नोंद.

असा फरक मिळेल हे सारा सीगर व दिमितार सॅसेलॉव्ह यांनी २००० साली गणिताने वर्तविले होते. नोव्हेंबर २००१ मध्ये डेव्हिड शार्बोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने तो प्रत्यक्ष मोजल्याचे जाहीर केले. फरक होता दहा हजारांत सुमारे दोन भाग. सूर्यमालेबाहेरील ग्रहाच्या हवेतील घटक ओळखण्याची ही पहिली वेळ. आपल्या गॅसच्या शेगडीवरील तोच सोडियम दीडशे प्रकाशवर्षांवर ओळखता आला.

येथे कोणी विचारील की, ताऱ्यातही सोडियम असतो, तर ही रेषा ताऱ्याची कशावरून नाही? प्रश्न योग्य आहे. म्हणूनच ग्रह समोर नसतानाचा वर्णपट व ग्रह समोर असतानाचा वर्णपट असे दोन्ही घेतात व एकाची दुसऱ्याशी तुलना करतात. ताऱ्याचे जे काही आहे ते दोन्ही नोंदींत सारखेच असते, म्हणून ते वजा होते. उरते ते ग्रहाचे.

महाग्रहच आधी का सापडले, याचे कारणही या हिशेबात आहे. ग्रह मोठा, तापलेला आणि हायड्रोजनसारख्या हलक्या वायूचा असेल, तर त्याची हवा फुगून वलय जाड होते व फरक मोठा येतो. पृथ्वीसारख्या लहान, थंड ग्रहाचे वलय फारच पातळ, म्हणून तेथील फरक काही रुपयांचा नव्हे, पैशांचा असतो.

५. रेणू आणि न दिसणारा प्रकाश

सोडियम हा अणू. पाण्याची वाफ, मिथेन, कार्बन डायऑक्साइड हे रेणू होत. रेणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेले चेंडू समजा. या स्प्रिंगा ताणल्या जातात, वाकतात, थरथरतात. प्रत्येक रेणूची थरथर ठरावीक वेगाची असते व त्या वेगाशी जुळणारा प्रकाशच तो शोषून घेतो. हा प्रकाश बहुतांशी अवरक्त असतो, म्हणजे तांबड्याच्या अलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. आपल्या डोळ्यांना ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्याची वाफ १.४ मायक्रॉनजवळ, मिथेन ३.३ जवळ, कार्बन डायऑक्साइड ४.३ जवळ आणि कार्बन मोनॉक्साइड ४.६ जवळ प्रकाश शोषतो. वर्णपटात कोणत्या जागी खळगा पडला हे पाहिले की रेणू ओळखता येतो.

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर विश्वास कसा ठेवावा, असे कोणी म्हणेल. आमच्या कॅश काउंटरवर संशयित नोट जंबुपार दिव्याखाली धरतात. साध्या उजेडात जे दिसत नाही, ते खऱ्या नोटेवर त्या दिव्याखाली चमकून उठते. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे ते नाही, असे होत नाही. त्यासाठी योग्य दिवा व योग्य साधन लागते, इतकेच.

अडचण एवढीच की, आपल्या पृथ्वीच्या हवेतही वाफ व कार्बन डायऑक्साइड आहेत. ते रेणू जमिनीवरील दुर्बिणीच्या वाटेत आडवे येतात. यावर दोन उपाय आहेत. एक, दुर्बीण हवेच्या बाहेर नेणे. दुसरा उपाय मोठा चातुर्याचा आहे. ग्रह वेगाने फिरत असतो, त्यामुळे त्याच्या रेषा वर्णपटात सतत जागा बदलतात. पृथ्वीच्या हवेच्या रेषा जागच्या जागी राहतात व ताऱ्याच्याही जवळजवळ स्थिरच असतात. फलाटावर सर्व माणसे उभी असताना एकच माणूस चालत असेल, तर तो चटकन ओळखू येतो, तसाच हा प्रकार. २०१० साली इग्नास स्नेलेन व सहकाऱ्यांनी चिली देशातील मोठ्या दुर्बिणीतून याच पद्धतीने 'एचडी २०९४५८ बी'वर कार्बन मोनॉक्साइड शोधला. ग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर भरला. शिवाय तेथील उंचावरील वारे सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने वाहतात, असाही निष्कर्ष त्यांनी काढला.

आणखी एक पद्धत आहे. ग्रह ताऱ्याच्या मागे दडला की फक्त ताऱ्याचा प्रकाश येतो. तो मागे जाण्यापूर्वी तारा व ग्रह दोघांचा मिळून येतो. एकूण रकमेतून मुद्दल वजा केले की व्याज कळते, तशी ग्रहाची स्वतःची उष्णता कळते. २००५ साली स्पिट्झर दुर्बिणीने हे प्रथम साधले. जे तरुण महाग्रह ताऱ्यापासून फार दूर असतात, त्यांचे छायाचित्रही घेता येते. 'एचआर ८७९९' या ताऱ्याभोवतीच्या अशा ग्रहांची छायाचित्रे २००८ साली प्रसिद्ध झाली. तेथे पुढे पाण्याची वाफ व कार्बन मोनॉक्साइड आणि २०२५ साली कार्बन डायऑक्साइडही आढळला.

६. कात्रणातील ग्रह

आता त्या मुलीच्या कात्रणाकडे येऊ. त्या ग्रहाचे नाव 'वॅस्प-३९ बी'. २०११ साली तो सापडला. कन्या तारकासमूहात सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर तो आहे. वजन जवळपास शनीइतके, पण व्यास गुरूच्या सव्वापटीहून अधिक. म्हणजे फुगलेला ग्रह. तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअस. फेरी चार दिवसांची.

२५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब अवकाश दुर्बीण प्रक्षेपित झाली. तिचा आरसा साडेसहा मीटरचा असून तो सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून ती काम करते. १० जुलै २०२२ रोजी तिने या ग्रहाचे अधिक्रमण टिपले. लाखातले सुमारे दोन हजार रुपये ग्रहाने अडविले, परंतु ४.३ मायक्रॉनपाशी ही तूट शंभराहून अधिक रुपयांनी वाढली. नेमकी ती जागा कार्बन डायऑक्साइडची. सूर्यमालेबाहेरील ग्रहावर या वायूचा असा निर्विवाद पुरावा प्रथमच मिळाला. त्याच ग्रहावर पाण्याची वाफ, सोडियम, पोटॅशियम व कार्बन मोनॉक्साइडही आढळले.

त्याच वर्णपटात ४.०५ मायक्रॉनपाशी एक लहान उंचवटा होता. तो कशाचा हे आधी कळेना. अखेर तो सल्फर डायऑक्साइडचा ठरला. इतक्या उष्ण हायड्रोजनच्या हवेत हा वायू आपोआप असावयास नको. ताऱ्याचे जंबुपार किरण पाण्याच्या रेणूंची मोडतोड करतात, त्यातून निघालेले तुकडे गंधकाशी संयोग पावतात व हा वायू तयार होतो, असे उत्तर मिळाले. प्रकाशामुळे घडणाऱ्या अशा रासायनिक क्रियेचा परग्रहावरील हा पहिला पुरावा होय. पृथ्वीभोवतीचा ओझोनही सूर्याच्या किरणांमुळेच बनतो. पुढे त्याच दुर्बिणीवरील दुसऱ्या उपकरणाने, वेगळ्या तरंगलांबीवर, सल्फर डायऑक्साइडची पुन्हा खात्री करून दिली. दोन वेगळ्या वह्यांतील आकडा जुळला.

७. न जुळलेला हिशेब

मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. 'नुसतं खरं मानायचं का?' याचे उत्तर 'नाही' असेच आहे आणि शास्त्रज्ञही तसे मानीत नाहीत.

'एचडी १८९७३३ बी' हा सुमारे ६४ प्रकाशवर्षांवरील महाग्रह. २००८ साली हबल दुर्बिणीच्या नोंदींवरून तेथे मिथेन असल्याचे प्रसिद्ध झाले व त्याचा जगभर गाजावाजा झाला. २०११ साली दुसऱ्या गटाने त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. उपकरणातील बारीक दोष काढून टाकण्याची पद्धत थोडी बदलली की उत्तरही बदलते, असे त्यांना आढळले. दिवसाखेर रोख जुळत नसेल, तर आम्ही आधी आपलीच मोजणी तपासतो, गिऱ्हाइकावर संशय घेत नाही. तसाच हा प्रकार. २०२४ साली जेम्स वेबच्या निरीक्षणांतून या ग्रहावर पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि सडक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सापडला. मिथेन मात्र सापडला नाही. दुसरीकडे, 'वॅस्प-८० बी' या तुलनेने थंड महाग्रहावर २०२३ साली मिथेन स्पष्टपणे दिसला. म्हणजे पद्धत खोटी नव्हती, एक नोंद कच्ची होती.

एप्रिल २०२५ मध्ये 'के२-१८ बी' या ग्रहाची बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. पृथ्वीवर सजीवांपासून निर्माण होणाऱ्या एका वायूच्या खुणा तेथे असल्याचे, भारतात जन्मलेले केंब्रिजचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने मांडले. हा महाग्रह नव्हे, पृथ्वीहून मोठा व नेपच्यूनहून लहान असा ग्रह आहे. त्याच निरीक्षणांची इतर गटांनी फेरतपासणी केली, तेव्हा हा पुरावा पुरेसा नसल्याचे मत पुढे आले. काही वर्तमानपत्रांनी मात्र जीवसृष्टी सापडलीच असे मथळे दिले. विद्यार्थ्यांनी येथे मथळा व नोंद यांतील फरक ओळखावयास शिकले पाहिजे. कोण म्हणतो यापेक्षा, दुसऱ्याने मोजले असता तेच उत्तर येते का, हे पाहावे.

८. घरी करून पाहण्याचा प्रयोग

बुटाचे रिकामे खोके घ्यावे. एका बाजूस पात्याने (ब्लेडने) उभी, अरुंद फट पाडावी. हे काम मोठ्या माणसाने करावे. समोरच्या बाजूस आतून जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवावा व त्यावर दिसणारे रंग पाहण्यासाठी वरून एक छिद्र ठेवावे. फट साध्या तारेच्या दिव्याकडे धरल्यास अखंड रंगपट्टा दिसेल. ट्यूबलाइटकडे धरल्यास हिरवा, जांभळा असे काही रंग तुटक, ठळक दिसतील. हे तुटक रंग नळीतील पाऱ्याची वाफ व आतील लेप यांची ओळख होय. सूर्याकडे मात्र कोणीही, कोणत्याही साधनातून थेट पाहू नये. डोळे कायमचे जाण्याचा धोका असतो.

अभ्यासिकेतील मुलांनी असे सहा खोके तयार केले. पुठ्ठा फुकट व सीडी जुनी, म्हणून खर्च जवळपास काहीच आला नाही. ज्या पद्धतीने जेम्स वेब दुर्बीण काम करते, तिचे मूळ तत्त्व हेच, एवढे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पटले.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे म्हणजे, महाग्रहाच्या हवेतील रेणू ओळखणे हा अंदाजाचा किंवा श्रद्धेचा विषय नाही. तो वजाबाकीचा हिशेब आहे. ग्रहासह आलेल्या प्रकाशातून ताऱ्याचा प्रकाश वजा करावा, उरलेला फरक कोणत्या रेणूच्या ठशाशी जुळतो ते पाहावे आणि दुसऱ्या साधनाने, दुसऱ्या माणसाकडून तो पुन्हा मोजून घ्यावा. ताळा जमला तर स्वीकारावे, न जमल्यास थांबावे.

'कधीच' या शब्दाविषयीही सावध असावे. कोंत यांचे 'कधीच नाही' चोवीस वर्षांत खोटे ठरले. सेसिलिया पेन हिला आपलाच खरा निष्कर्ष नाकारावा लागला. पोरका उमेदवार आणि खेड्यातील दुकानदाराचा मुलगा यांच्या कामावर आज ही सारी विद्या उभी आहे. मला ज्यांनी 'तुला कधीच झेपणार नाही' असे सांगितले, त्यांनीही मोजून सांगितले नव्हते आणि मीही मोजून पाहिले नाही, ही चूक माझीच. आपल्या पालकांना व वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे की, मुलांना हा शब्द सांगण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

कात्रण आणणारी ती मुलगी आता विज्ञान शाखेत शिकते. तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला फार उशीर झाला, याबद्दल तिची क्षमा मागून हा लेख पूर्ण करतो.